एकाच पिशवीतील दोन वजने : रोजच्या लबाडीची झडती ख्रिस्ती माणसाने कशी घ्यावी

कापसाचा हंगाम आला की यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतील गावागावांत काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याविषयी संतापाने बोलले जाते, आणि तो संताप रास्त आहे. राबून पिकवलेल्या मालातून क्विंटलमागे दोन-तीन किलो गुपचूप काढून घेणे ही उघड चोरी आहे. परंतु हाच शेतकरी आपल्या वावरात वेचणाऱ्या बायकांचा कापूस मोजताना काय करतो, हे तितक्याच तीव्रतेने कोणी विचारत नाही. रविवारी उपासनेला बसणाऱ्या आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतही ते विचारले जात नाही, आणि मला याचेच सर्वांत अधिक दुःख आहे. दुसऱ्याने केलेली लबाडी आपल्याला लगेच ओळखू येते. तीच आपल्या हातून घडली की तिला आपण अडचण म्हणतो, रीत म्हणतो किंवा व्यवहार म्हणतो. हा दुटप्पीपणा कसा ओळखावा, कसा मोडावा, ज्याचे घेतले त्याला ते कसे परत करावे आणि त्यानंतर दुसऱ्याच्या चुकीविषयी कसे बोलावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पवित्र शास्त्रातील अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांना अशी आज्ञा दिली की, कोणी आपल्या पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन प्रकारची वजने ठेवू नयेत आणि आपल्या घरात दोन प्रकारची मापे ठेवू नयेत. घेताना जड वजन आणि देताना हलके, अशी त्या काळच्या व्यापाऱ्याची युक्ती होती. ही आज्ञा खोटे वजन वापरण्यापुरती थांबत नाही, ते जवळ बाळगायलाही ती मनाई करते. त्याचे कारण उघड आहे. ज्याच्याजवळ दोन्ही वजने आहेत, तो समोर कोण उभा आहे हे पाहून कोणते काढायचे ते ठरवणार. मनात अशी दोन वजने बाळगणारा माणूस व्यापाऱ्याला एक न्याय लावतो आणि स्वतःला दुसरा, आणि बहुतेक वेळा हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून झडती मनापासून सुरू करावी लागते.

सुरुवात आपल्या रागापासून करावी

स्वतःची पापे आठवायला बसले की माणसाला फारसे काही आठवत नाही, पण दुसऱ्याची मात्र सगळी आठवतात. या स्वभावाचाच उपयोग करून घ्यावा. एक साधी वही घ्यावी आणि गेल्या हंगामात ज्यांच्या अप्रामाणिकपणाचा आपल्याला राग आला त्यांची आठवण करून, माणसाचे नाव न लिहिता, फक्त कृत्य लिहावे. ‘तोलात मारले.’ ‘काम न करता हजेरी लावली.’ ‘पैसे घेतल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही.’ ‘शब्द देऊन फिरवला.’ ‘रेशनचा माल परस्पर विकला.’ प्रत्येक कृत्यापुढे, अशा माणसाला काय शिक्षा व्हावी असे आपल्याला त्या वेळी वाटले, तेही प्रामाणिकपणे लिहावे. नाव टाळायचे ते यासाठी की, नाव लिहिले की लक्ष त्या माणसाकडे जाते आणि कृत्य बाजूला राहते.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाशी हेच केले होते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात ती हकिकत आहे. आपल्याच सैन्यातील उरीयाची बायको घेऊन आणि उरीयाला लढाईत मारवून दावीद निवांत राज्य करत होता. नाथानाने त्याला थेट दोष दिला नाही. पुष्कळ मेंढरे असलेल्या श्रीमंताने एका गरिबाची जीव लावून वाढवलेली एकुलती एक मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला आणि त्याने निकाल दिला की, हा माणूस मरणास पात्र आहे आणि त्याने मेंढीच्या चौपट भरून दिले पाहिजे. तेव्हा नाथान म्हणाला की, तो माणूस तूच आहेस. दावीदाला न्याय कळत नव्हता असे नाही. चौपटीचा नियम निर्गम या पुस्तकात लिहिलेला होता आणि तो त्याला ठाऊक होता. स्वतःचे कृत्य दुसऱ्याचे म्हणून ऐकल्यावाचून तो नियम त्याच्या तोंडून बाहेर पडला नाही, इतकेच. वही लिहिणे म्हणजे ही गोष्ट स्वतःला सांगणे आहे, आणि म्हणून निकाल आधी लिहून मगच पुढच्या पायरीकडे जावे. क्रम उलटा केला तर निकाल सौम्य होतो.

मग ते कृत्य आपल्या घरात शोधावे

येथे घाई करू नये. वहीतील प्रत्येक ओळ घेऊन, हेच कृत्य माझ्या घरात, वावरात, दुकानात किंवा नोकरीत कोणत्या रूपाने होते, असा प्रश्न विचारावा. ते हुबेहूब त्याच रूपात सापडणार नाही, म्हणून थोडे खोल जावे लागते. ‘तोलात मारले’ ही ओळ घेऊन मी ते सविस्तर दाखवतो, कारण वऱ्हाडात ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक कापसाच्या वावरात पाहायला मिळते.

वेचणीचा दिवस संपत आला की धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला काटा टांगतात. बायका दिवसभर कमरेला बांधलेल्या ओट्यांत वेचलेला कापूस गाठोड्यात बांधून ओळीने आणतात. गाठोडे आकड्याला अडकवले की काटा वरखाली हलतो आणि तो स्थिर होण्याच्या आत मालक ‘सतरा’ असे पुकारतो. मुलगा वहीत सतरा लिहितो. गाठोडे खाली उतरते. क्षणभर थांबले असते तर काटा साडेसतरावर किंवा अठरावर ठरला असता. त्यानंतर कापडाचे वजन, सकाळचे दव आणि पालापाचोळा यांच्या नावाने आणखी एक किलो वजा होतो. बाई काही बोलत नाही, कारण उद्याही तिला याच वावरात यायचे असते. कापूस पूर्ण मालकाच्या घरी जातो, त्यातला एक बोंडही कमी होत नाही. कमी होते ती फक्त मजुरी. वेचणीचा दर किलोला १० रुपये धरला, तर दहा बायकांच्या प्रत्येकी एका किलोचे दिवसाला १०० रुपये होतात. मालकाला ते जाणवत नाहीत. त्या बाईच्या दिवसभराच्या कमाईतून मात्र निदान दहा रुपये रोज जातात, आणि सगळी वेचणी होईपर्यंत जात राहतात.

आता हाच मालक सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कसा वागतो ते पाहावे. तेथे ८ टक्के ओलावा आधार धरतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात आणि त्याहून ओला कापूस घेत नाहीत. तेथे हा शेतकरी, ओलावा यंत्राने माझ्यासमोर मोजा, अंदाजाने कापू नका, असे ठणकावून सांगतो. त्याची मागणी अगदी बरोबर आहे. तीच मागणी त्याच्या वावरात वेचणाऱ्या बाईने केली तर ती त्याला उद्धट वाटते. नीतिसूत्रांच्या ११व्या अध्यायात खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो असे म्हटले आहे, आणि आमोस संदेष्ट्याने माप लहान करून, तराजू फसवा करून गरिबांना लुबाडणाऱ्यांना देवाचा निकाल सुनावला आहे. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात तर शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे, असे स्पष्ट शब्द आहेत. ही वचने व्यापाऱ्याला लागू आहेत तशी मालकालाही लागू आहेत.

बाकीच्या ओळींकडे मी थोडक्यात बोट दाखवतो. शेजाऱ्याचा धुरा दर वर्षी नांगराच्या एका तासाने (सरीने) कोरणारा माणूस जमीन बळकावणाऱ्या पुढाऱ्याला नावे ठेवतो. मोशेच्या नियमशास्त्रात शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर शाप आहे. चोरून वीज घेण्यासाठी तारेवर आकडा टाकणारा म्हणतो की मी कोणाचे घेतले नाही, पण अशा चोरट्या भाराने डीपी (विजेचे रोहित्र) जळते तेव्हा हरभऱ्याला पाणी देण्याच्या ऐन दिवसांत बिल भरणाऱ्या शेजाऱ्यांचेही पंप बंद पडतात. पडीक जमिनीवर पीक दाखवून विमा काढला गेला तेव्हाही कोणाचे नुकसान झाले नाही असेच वाटले होते; राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा मिळत होता, बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली आणि आता खऱ्या कापूस उत्पादकाला विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागतो. रोजगार हमीच्या हजेरीपटावर न गेलेल्या दिवसाची सही, परीक्षा केंद्राच्या खिडकीतून पोराला फेकलेली चिठ्ठी, वसुलीला माणूस आला असता ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे लेकराला शिकवणे, या सगळ्यांचा शोध ज्याने त्याने आपापल्या वहीत घ्यावा. शेवटच्या गोष्टीविषयी एवढेच म्हणतो की, ज्या लेकराला आपण संडे स्कूलमध्ये खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा पाठ करायला लावतो, त्याच्याच तोंडून ती मोडवून घेणे फार क्रूर आहे.

सबबी तपासण्याची रीत

कृत्य सापडले की सबब लगेच हजर होते. तिला झटकून टाकू नये, कारण काही सबबींत खरेपणा असतो. तिची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी: हीच सबब ज्याच्यावर मी रागावलो होतो त्याने दिली असती, तर मी ती मान्य केली असती का?

‘सगळेच करतात’ असे व्यापारीही म्हणू शकतो. ‘हा सरकारचा पैसा आहे’ असे कमिशन खाणारा ठेकेदारही म्हणतो. ‘माझ्यावर आधी अन्याय झाला’ ही सबब अधिक वजनदार आहे, कारण आपल्या भागातील शेतकऱ्यावर खरोखरच अन्याय झालेला असतो; मात्र तो अन्याय वेचणाऱ्या बाईने केलेला नसतो, आणि तरीही त्याची वसुली तिच्याकडून होते. राहिली गरिबीची सबब. नीतिसूत्रांच्या ३०व्या अध्यायात आगूराची प्रार्थना आहे, तिच्यात तो देवाला म्हणतो की, मला दारिद्र्य देऊ नकोस, नाहीतर मी चोरी करीन. पवित्र शास्त्राला भुकेचा जोर ठाऊक आहे आणि ज्याच्या घरात आज दाणा नाही त्याच्याशी मंडळीने (चर्चने) कठोरपणे वागू नये. पण त्याच शास्त्रात लेवीयाच्या १९व्या अध्यायात, न्याय करताना गरिबाची बाजू गरीब म्हणून घेऊ नये आणि मोठ्याचे मोठेपण पाहू नये, असेही सांगितले आहे. गरिबीचा विचार स्वतःसाठी करायचा असेल तर तो कमी पगारावर घर चालवणाऱ्या, पैसे घेऊन कागद पुढे सरकवणाऱ्या चपराशासाठीही केला पाहिजे.

एक फरक मात्र जपून करावा. स्वतःच्याच हक्काच्या सातबाऱ्यासाठी ज्याला नाडून पैसे मागितले जातात, तो आणि खोटा उत्पन्नाचा दाखला मिळवण्यासाठी जो स्वतःहून पैसे पुढे करतो, हे दोघे एका मापाचे नाहीत. पहिल्याला मंडळीने तक्रार करण्याचे बळ द्यावे. दुसऱ्याला पश्चात्तापाची गरज आहे. दोघांनाही ‘लाच दिली’ म्हणून एकाच रांगेत उभे करणाऱ्या उपदेशाने पीडित माणूस दुखावतो आणि दोषी माणूस गर्दीत लपतो.

ज्याचे घेतले त्याला परत करावे

आपल्या मंडळ्यांत याच पायरीवर बहुतेक लोक थांबतात. गुडघे टेकून देवाची क्षमा मागितली जाते, डोळ्यांतून पाणी येते, आणि ज्याचे पैसे आहेत त्याच्या हातात काहीच जात नाही. क्वचित कोणी अर्पणाच्या पेटीत जास्त रक्कम टाकतो. शास्त्राची व्यवस्था निराळी आहे. लेवीयाच्या ६व्या अध्यायात सांगितले आहे की, फसवून घेतलेले मूळ पूर्ण परत करावे, त्यात पाचवा हिस्सा वाढवावा आणि ज्याचे होते त्यालाच द्यावे. गणनेच्या ५व्या अध्यायात, ज्याला द्यायचे त्याचा कोणी वारसही उरला नसेल तरच ती रक्कम याजकाकडे जाते. म्हणजे देवळाचा क्रमांक सर्वांत शेवटी आहे. प्रभू येशूनेही डोंगरावरील प्रवचनात सांगितले की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश मोजून देणाऱ्या आणि न्याय, दया व विश्वास सोडून देणाऱ्या परूशी या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांना त्याने ढोंगी म्हटले, ते याच कारणाने.

जक्कयाची गोष्ट येथे नीट वाचावी. यरीहोचा हा मुख्य जकातदार प्रभूला म्हणाला की, मी माझे अर्धे द्रव्य गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्याने दान वेगळे ठेवले आणि परतफेड वेगळी ठेवली. दावीदाने जो चौपटीचा निकाल अनोळखी माणसावर दिला होता, तोच जक्कयाने कोणी न सांगता स्वतःवर दिला. वहीत दुसऱ्यासाठी लिहिलेला निकाल आता उघडावा आणि त्यातले निदान किती आपल्याला लागू करण्याचे धैर्य आहे ते पाहावे.

व्यवहारात हे असे करावे. गेल्या हंगामात एका बाईचे अंदाजे २०० रुपये कापले गेले असतील, तर पाचवा हिस्सा म्हणजे ४० रुपये मिळवून २४० रुपये वेगळे काढावेत. नक्की आकडा ठाऊक नसेल तर अंदाज तिच्या बाजूने धरावा. दिवाळीच्या बक्षिसात, जुन्या लुगड्यात किंवा उसनवारीच्या सुटीत ही रक्कम मिसळू नये, कारण मग ती उपकार ठरते. तिच्या घरी जाऊन, तिच्या घरच्यांदेखत, साध्या शब्दांत सांगावे: ‘मावशी, मागच्या वेचणीत मी तुमच्या गठोड्यामागं किलो-किलो कापला, ते चुकलं माझं. हे तुमचेच पैसे आहेत.’ महागाई, भाव, कर्ज यांपैकी काही बोलू नये. ती संकोचाने ‘राहू द्या’ म्हणेल. तरी पैसे ठेवूनच निघावे. एकदम देणे शक्य नसेल तर हप्ते ठरवावेत आणि ते तिला सांगावेत. ज्या कृत्यात आणखी कोणी सामील होते, तेथे फक्त आपला वाटा कबूल करावा, दुसऱ्याचे नाव आपण होऊन पुढे करू नये. आणि ही गोष्ट येत्या रविवारी साक्ष म्हणून उभे राहून सांगू नये. पहिल्या मंडळीतील अननीया आणि सप्पीरा या नवराबायकोने जमिनीच्या किमतीतला भाग ठेवून घेतला हा त्यांचा दोष नव्हता, प्रेषित पेत्राने ते स्पष्ट म्हटले. सगळे दिले असे दाखवले हा दोष होता. मंडळीपुढे प्रामाणिक दिसण्याची हौस त्याच दिशेने नेते.

सरकारचे किंवा वीज कंपनीचे घेतले असेल तर आधी ते घेणे थांबवावे: आकडा काढून मीटरसाठी अर्ज करावा, अपात्र असलेल्या योजनेतून स्वतःहून नाव कमी करण्याचा अर्ज द्यावा. ज्यात गुन्हा दाखल होऊ शकतो अशा गोष्टीत पाळकांशी आणि वकिलाशी बोलून पाऊल टाकावे. मात्र सल्ला घेण्याच्या निमित्ताने ते वर्षानुवर्षे लांबवू नये. येत्या हंगामासाठी वावरातली रीतही बदलावी. गाठोड्याची रिकामी कापडे सकाळीच मोजून त्यांचे वजन लिहून ठेवावे, काटा स्थिर झाल्यावर बाईने स्वतः आकडा वाचावा, आणि ओलावा कापायचा असेल तर तो किती हे वेचणी सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवावे.

त्यानंतर दुसऱ्याला सांगावे

काही सज्जन लोक एवढे झाल्यावर गप्प बसतात. मीच कोण धुतल्या तांदळाचा, मी कसे बोलू, असे ते म्हणतात. ही नम्रता वाटते, परंतु प्रभूने सांगितलेले ते नाही. मत्तयाच्या ७व्या अध्यायात आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ असे सांगून तो थांबत नाही. मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो पुढे म्हणतो. कुसळ काढायचे आहेच. मजुरांची मजुरी परत करणाऱ्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या खोट्या काट्यापुढे गप्प राहणे म्हणजे गावातील इतर शेतकऱ्यांना त्याच्या हाती सोपवणे आहे.

बोलण्याचा क्रम मत्तयाच्या १८व्या अध्यायात आहे: प्रथम एकट्याने एकट्याला, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन, आणि नंतर मंडळीपुढे. हा क्रम विश्वासी भावांसाठी आहे. चावडीवर किंवा किराणा दुकानाच्या ओट्यावर भावाच्या चुकीची चर्चा करणे हा यातला कोणताच टप्पा नाही. पाळकांनीही व्यसनांवर जितका उपदेश होतो तितकाच मजुरी, माप आणि धुरा यांवर करावा. प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा करा असे सांगताना या गोष्टींची नावे घ्यावीत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या २ऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, दुसऱ्याला शिकवणारे स्वतःला शिकवत नाहीत म्हणून परराष्ट्रीयांत देवाच्या नावाची निंदा होते. ज्या गावात ख्रिस्ती घरे दोन-चारच आहेत, तेथे शेजारी उपदेश ऐकायला येत नाहीत, पण मजुरी कशी दिली जाते ते त्यांना पक्के ठाऊक असते.

मंडळीबाहेरच्या व्यापाऱ्याशीही आधी समोरासमोर बोलावे. त्याने ऐकले नाही तर कायद्याची वाट मोकळी आहे. व्यापारी वापरातला इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. ते प्रमाणपत्र दाखवा असे म्हणण्याचा शेतकऱ्याला अधिकार आहे, आणि बाजार समितीच्या आवारात फसवणूक झाली तर समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार देता येते. तक्रारीत तारीख, गाडीचे वजन आणि पावती एवढेच लिहावे. ऐकीव आरोप आणि जातीपातीचे शब्द तीत येऊ देऊ नयेत. त्या वेळी व्यापारी कदाचित म्हणेल की, तुम्ही तरी बायकांचा कापूस कुठे नीट मोजता. तेव्हा चिडू नये. होय, मी तसे करत होतो, ते मी परत केले आहे, त्या बायकांना विचारा, आणि आता तुमच्या काट्याचे प्रमाणपत्र दाखवा, असे त्याला सांगावे.